रिकामा डबा म्हणजे खाल्लेला डबा नव्हे

परदेशातल्या मराठी लेखनात डब्याची एक गोष्ट आता इतक्या वेळा सांगून झाली आहे की ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य आधीच पाठ असतं. मुलगा शाळेत डबा उघडतो. आत पोळी आणि मेथीची भाजी. शेजारचा मुलगा नाक धरून 'ईऽऽ, हे काय?' म्हणतो. मुलगा घरी येऊन सँडविच मागतो, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. मग मध्ये पंधरा वर्षं जातात आणि तोच मुलगा कुठल्यातरी मोठ्या शहरात एकटा राहत असताना मेथीच्या भाजीसाठी व्याकूळ होतो. दिवाळी अंकांत ही गोष्ट असते, मंडळाच्या स्मरणिकेत असते, गणपतीतल्या एकांकिकेत तर असतेच असते. आपलीच आहे असंही नाही. २०१५ साली सुरू झालेल्या 'फ्रेश ऑफ द बोट' या मालिकेच्या पहिल्याच भागात तैवानी कुटुंबातला एडी शाळेत नूडल्सचा डबा उघडतो आणि टेबलावरून हाकलला जातो. इथल्या आशियाई लेखकांनी या प्रसंगावर इतकं लिहिलं की आता त्याचा कंटाळा आलाय असं लिहिणारेही बरेच झाले. आपल्याकडे मात्र गोष्ट अजून ताजी आहे.

ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. घडली, अजूनही कुठेकुठे घडते, आणि ज्याच्यावर बेतली त्याला ती विनोदी वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या एका गोष्टीने आपल्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांचा डबा पार बिघडवून टाकला आहे. डबा भरलेला परत आला की कारण आपल्याला आधीच माहीत असतं: मुलाला लाज वाटते. आणि एकदा लाज हे कारण ठरलं की पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही. मग काही घरांत आई हार मानते आणि रोज तोच पीनट बटर-जेली सँडविच किंवा चीज घातलेला बेगल देते, मनातल्या मनात कुढत. काही घरांत उलट होतं. 'आपलं ते आपलं, लाज कसली?' असं व्याख्यान होतं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भरली वांगी जातात, तत्त्व म्हणून. दोन्ही घरांत डबा हा मराठीपणाचा पेपर असतो. जेवण कुठेच नसतं.

मी बॉस्टनच्या एका उपनगरात राहते, विद्यापीठात पोस्टडॉक करते आणि गेली चार वर्षं रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. मला मूल नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या विषयावर मी तोंड उघडलं की 'तुला स्वतःचं झालं की कळेल' हे वाक्य हमखास येतं. कळेलही. पण वर्गातली मुलं मला ज्या गोष्टी सांगतात त्या त्यांच्या आयांना सांगत नाहीत, कारण मी डबा भरणारी नाही.

गेल्या वर्षी त्यांना निबंध दिला होता, 'माझा डबा'. दहा ओळी. 'माझी आई रोज पहाटे उठते' अशी सुरुवात असणार, असा माझा अंदाज होता. दोघातिघांनी केलीही. बाकीच्यांनी जे लिहिलं ते मोडक्यातोडक्या मराठीत असलं तरी इतकं नेमकं होतं की मी ते वाचून गप्प झाले. जेवणाची सुट्टी पावणेअकराला. कारण कॅफेटेरियात सगळे एकदम मावत नाहीत, म्हणून तीन पाळ्या, आणि याची पाळी पहिली. सुट्टी पंचवीस मिनिटांची, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला पाच, परत जायला पाच. मायक्रोवेव्ह एकही नाही. एका शाळेत दोन आहेत आणि पुढे वीस मुलांची रांग. मंगळवारी-गुरुवारी रोबॉटिक्सची मीटिंग जेवणाच्याच सुट्टीत, तिथे उभ्याने खावं लागतं. पोळी-भाजी हाताने खायची तर आधी हात धुवायला हवेत आणि नंतरही, आणि बेसिन दुसऱ्या टोकाला. भाजीचं तेल गळून गणिताच्या वहीची आठ पानं पारदर्शक झालेली. एकाने लिहिलं होतं, 'माझा डबा वाजतो.' स्टीलचं झाकण उघडताना होणारा आवाज. तो ग्रंथालयात बसून खातो, तिथे खायला परवानगी नाही.

वासाचा उल्लेख दोन वह्यांत होता. त्यातली एक मुलगी म्हणाली की तिला लोकांचं काही नाही, पण दिवसभर स्वतःच्या बॅकपॅकला आणि जॅकेटला लसणाचा वास येतो तो तिलाच नको असतो. याला लाज म्हणायचं असेल तर माझ्या प्रयोगशाळेतला प्रत्येक जण लाजाळू आहे. आणि दहावीतल्या एका मुलाने सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'मला लाज नाही. मला वेळ नाही.' सहा शब्द. परदेशी मराठी डब्यावर मी वाचलेल्या साहित्यात याहून खरं वाक्य मला आठवत नाही.

अमेरिकेच्या सीडीसीचीच शिफारस आहे की मुलाला बसल्यापासून खायला निदान वीस मिनिटं मिळावीत. रांगेत उभं राहायचा आणि चालायचा वेळ त्यात धरायचा नाही. आमच्या वर्गातल्या मुलांनी मांडलेल्या हिशोबात ती बारा-तेरा मिनिटं भरतात. त्या बारा मिनिटांत आपण त्यांच्याकडून तीन पोळ्या, भाजी, कोशिंबीर आणि वर संस्कृतिरक्षण अशी अपेक्षा करतो.

आता यातली गंभीर बाजू, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. निबंधानंतर बोलता बोलता लक्षात आलं की यातली बरीच मुलं डबा टाकून देतात. भरलेला डबा घरी नेला तर उलटतपासणी होते: का नाही खाल्लास, काय झालं, कोणी काही बोललं का, आता रोज पिझ्झाच खाणार का, तुला माहितीये मी किती वाजता उठते? हे टाळायचा सोपा उपाय म्हणजे बसच्या थांब्यावरच्या कचराकुंडीत डबा मोकळा करणं. एकीने तर पद्धत बसवली होती. भाजी टाकायची, पोळीचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे खरं वाटतं. आई खूश, मुलगी सुटली. आणि ती मुलगी सकाळी साडेसहाला अर्धा कप दूध पिऊन निघाली ती दुपारी साडेतीनपर्यंत, नऊ तास, उपाशी.

ते सकाळचं अर्धा कप दूधही समजून घ्यायला हवं. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी भूक उशिरा लागते. हा आळस नाही, वाढीचा भाग आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून हायस्कुलांसाठी तसा कायदा लागू केला. बाकी ठिकाणी बसेस अजून अंधारात येतात. म्हणजे न्याहारी नाही, डबा कचऱ्यात, आणि मधे बीजगणित, रसायनशास्त्र आणि दोन तास फुटबॉल. चौदा ते अठरा वयाच्या मुलीला दिवसाला १५ मिलीग्रॅम लोह लागतं, मुलाला ११. कॅल्शियम दोघांनाही १३००. शाकाहारी घरांत यातलं लोह जमवणं आधीच अवघड असतं. मुलगी चिडचिडी झाली, थकते, केस गळतात, तेव्हा आपण फोनला दोष देतो. फोनचे दोष बरेच आहेत, पण नऊ तासांच्या उपासाला फोन जबाबदार नाही.

'आम्ही नाही का पोळी-भाजी नेली शाळेत?' नेली की. पण आपण काय नेलं आणि कुठल्या व्यवस्थेत नेलं ते आठवा. मधली सुट्टी झाली की सगळा वर्ग एकदम डबे उघडायचा. सगळ्यांकडे पोळी-भाजीच. बाकावर डबा ठेवायला जागा होती, नळ पटांगणात होता, हाताने खाणं हीच रीत होती. डब्याचं आणि शाळेचं माप एकमेकांना बेतलेलं होतं. ऑफिसच्या डब्याचंही तसंच. मुंबईत १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोचवायचं काम सुरू केलं, त्यातून पुढे डबेवाल्यांची जगप्रसिद्ध साखळी उभी राहिली. आपण त्या साखळीचं कौतुक करतो, केस स्टडी वाचतो, पण ती मुळात का लागली हे विसरतो. पोळी-भाजी-आमटी-भात हे जेवण सकाळी लवकर रांधून, गर्दीच्या लोकलमधून स्वतः वाहून, चार तासांनी खाण्यासाठी बनलेलंच नाही. ते साहेब निघून गेल्यावर घरी निवांत व्हायचं आणि मग दुसरा माणूस ते घेऊन जायचा. आपण अमेरिकेत येताना जेवण आणलं, डबेवाला राहिला तिकडे.

दुसरीकडे आपल्याच स्वयंपाकात एक अख्खं दालन आहे जे हातात धरून, गार, उभ्याने किंवा धावत्या एसटीत खाण्यासाठीच शेकडो वर्षं घडत आलं. दशमी घ्या. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं, म्हणजे भाकरी मऊ राहते आणि प्रवासात टिकते. मराठवाड्यातली धपाटी. तिखटमिठाच्या पुऱ्या, ज्या आगगाडीत दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागायच्या. सांज्याची पोळी. कोथिंबीर वडी. भाजणीचं थालीपीठ. गुळपापडी. मेतकूट आणि कोरडी चटणी, ज्यांना फ्रिज लागत नाही. माझी आजी सोलापूरला निघताना जी पुरचुंडी बांधून द्यायची तिच्यात रस्सा कधीच नसायचा, आणि 'प्रवासात पोटभर नको, पोटाला आधार हवा' असं तिचं म्हणणं असायचं.

आपल्या किशोरवयीन मुलाचा शाळेचा दिवस हा प्रवास आहे, जेवणघर नव्हे. एवढं मान्य केलं की निम्मे प्रश्न सुटतात. तळहाताएवढी थालीपिठं, दोन बोटांत मावतील अशी, मधे घट्ट दह्याचा किंवा क्रीम चीजचा थर देऊन एकावर एक ठेवलेली, हात न भरता चार मिनिटांत संपतात. (क्रीम चीज वाचून ज्यांनी कपाळाला हात लावला त्यांना सांगते, बटाटा आणि मिरचीही आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले.) पोळी द्यायचीच असेल तर ती गुंडाळी करून, पार्चमेंट कागदात घट्ट बांधून, अर्धी कापून. आत भाजी कोरडी हवी, आणि गरम असताना गुंडाळायची नाही. वाफ धरते आणि पोळीचं चामडं होतं. ज्या मुलांना भातच हवा त्यांच्यासाठी थर्मॉस. फोडणीची पोळी तर थर्मॉसमध्ये घालून चमच्याने खायला इतकी सोयीची आहे की ती आदल्या दिवशीच्या पोळ्या संपवायला शोधली यावर विश्वास बसू नये. उकडलेली अंडी, भाजलेले चणे, एखादं फळ जे सोलावं लागत नाही. आणि डबा न वाजणारा घ्या. स्टीलच हवं तर सिलिकॉनच्या झाकणाचे मिळतात.

थर्मॉसवरून माझ्या कामाच्या विषयाकडे येते, कारण इथे मात्र मी ऐकून घेणार नाही. माझं रोजचं काम जिवाणूंशी आहे. बॅसिलस सीरियस नावाचा एक जिवाणू मातीत असतो, धुळीत असतो, तांदळात असतो. त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांतले काही असं विष तयार करतात की नंतर मायक्रोवेव्हमध्ये कितीही गरम केलं तरी ते जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा नियम आहे: ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते ६० सेल्सिअस, या पट्ट्यात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आता साडेसहाला भरलेला पुलाव साध्या डब्यात साडेअकराला किती अंशांवर असेल? बरोबर त्या पट्ट्याच्या मध्यावर. 'जरा कोमट राहिलं तर तेवढंच बरं' ही आपली माया जिवाणूंनाही मानवते.

म्हणून एक तर कडकडीत गरम, नाही तर थंडगार. मधलं नको. थर्मॉस भरण्याआधी त्यात उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका आणि लगेच वाफाळता भात किंवा खिचडी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मॉस लवकर निवतो. दहीभात द्यायचा तर रात्री कालवून फ्रिजमध्ये ठेवलेला, सकाळी बर्फाच्या पॅकबरोबर. पॅकचा कंटाळा असेल तर ताकाची छोटी बाटली थोडी रिकामी ठेवून रात्री फ्रीझरमध्ये टाका. ती डबा गार ठेवते आणि दुपारपर्यंत स्वतः पिण्याजोगी होते. 'आम्हाला काही झालं नाही' हे उत्तर मला देऊ नका. तुमचा डबा सकाळी सातला भरून दहाला संपत होता आणि त्यात कोरडी भाजी होती.

दाण्याचं कूट हा दुसरा मुद्दा, आणि तो भावनेचा असल्यामुळे मी तो थोडक्यात आणि कडक शब्दांत सांगणार आहे. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चटणी, लाडू: आपल्या निम्म्या डब्यात शेंगदाणा असतो आणि तो दिसत नाही. अमेरिकेत पीनट बटर दिसतं, ओळखता येतं. कूट ओळखता येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मैत्रिणीला खिचडीचा घास दिला तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मैत्रिणीकडे इंजेक्शन होतं आणि तिने ते वेळेवर घेतलं. 'इथल्या मुलांना सगळ्याची ॲलर्जी असते, नाजूक आहेत' असं शाळेच्या पालकसभेत हसत म्हणणारी आपलीच माणसं मी ऐकली आहेत. मुलाला एवढं शिकवा: 'यात शेंगदाणा आहे' हे वाक्य डबा पुढे करण्याआधी म्हणायचं. आणि शाळा दाणे-मुक्त असेल तर ती तशी आहे, त्यात 'थोडंसं चालतं' असं काही नसतं. कुटाच्या जागी सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया भाजून भरडा, खिचडीला वेगळी पण चांगली चव येते. जवसाची चटणी आहे, कारळ्याची आहे. तिळाकडे वळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२३ पासून इथे तीळही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या अधिकृत यादीत आहे.

आता शाळेच्या जेवणाबद्दल. मॅसॅच्युसेट्सने २०२३ मध्ये सरकारी शाळांतलं जेवण सगळ्या मुलांसाठी कायमचं मोफत केलं. त्याआधी कॅलिफोर्निया आणि मेन यांनी केलं होतं. ते जेवण थोर नाही. शाकाहारी मुलासाठी ते बऱ्याचदा चीज, पाव आणि पुन्हा चीज असतं. पण ते तयार असतं, ट्रेमध्ये असतं आणि मित्राबरोबर रांगेत उभं राहून घेता येतं. आठवड्यातले दोन दिवस मुलाने ते खाल्लं तर नेमकं काय बुडतं? मी हा प्रश्न आयांना विचारते तेव्हा उत्तर पोषणाचं येत नाही. येतं ते असं: 'मग मी काय केलं त्याच्यासाठी?' हे उत्तर ऐकून मला हसू येत नाही. नोकरी करणारी, स्वतः डॉक्टरेट असलेली बाई हे म्हणते तेव्हा डब्यावर किती ओझं चढवलंय ते कळतं.

ते ओझं कोणी चढवलं याचं उत्तर स्मरणिकांत सापडतं. डब्याच्या सगळ्या गोष्टींत आईच उठते. बाबा या गोष्टीत असतात, पण गाडी बाहेर काढत. मेथी निवडणारी तीच, रडणारी तीच, आणि पंधरा वर्षांनी जिच्या मेथीची आठवण येते तीही तीच. आपण तिचा सत्कार करून करून तिला पहाटे साडेपाचला ओट्यापाशी उभं करून ठेवलं आहे. त्यात आता इन्स्टाग्रामवरचे डबे: पोळीचा पांडा, गाजराची फुलं, काकडीचे तारे. ते पाच वर्षांच्या मुलासाठी ठीक असेल. सोळा वर्षांच्या मुलाने कॅफेटेरियात पोळीचा पांडा काढला तर त्याला जी लाज वाटेल ती मात्र खरी असेल.

आणि तो सोळा वर्षांचा मुलगा? जो रसायनशास्त्राच्या तासाला थेंब थेंब मोजून टायट्रेशन करतो, जो गाडी चालवायचा परवाना काढतोय, त्याला स्वतःच्या डब्याचं झाकण लावता येत नाही, कारण 'त्याला अभ्यास असतो'. मुलगी असेल तर निदान 'शिकून ठेव' तरी म्हणतात. मला यात मायेपेक्षा अविश्वास दिसतो. नववीपासून पुढे डबा मुलानेच भरावा असं माझं स्पष्ट मत आहे. रांधायचं नाही, भरायचं. रविवारी संध्याकाळी घरातलं कोणीतरी, आणि ते आईच असायला हवं असं नाही, बारा-पंधरा छोटी थालीपिठं लावून ठेवतं, अंडी किंवा छोले उकडून ठेवतं, चटणी करतं. फ्रिजचा एक कप्पा आणि फडताळातला एक डबा मुलाचा. त्यातून त्याने रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी पोटभरीचं, काहीतरी कुरकुरीत आणि एक फळ उचलायचं. तीन दिवस फक्त चकली आणि केळं नेईल. नेऊ दे. चौथ्या दिवशी सरावाच्या वेळी गळून जाईल आणि पाचव्या दिवशी थालीपीठ उचलेल. माझ्या वर्गातल्या ज्या दोनतीन मुलांच्या घरी हे चालतं, त्यांच्या निबंधांत कचराकुंडीचा उल्लेख नव्हता. स्वतः उचललेली गोष्ट टाकताना लपवायला कोणी नसतं.

'मग आपल्या जेवणाचं काय? असंच सुटत जाणार ना एकेक?' हा आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. भाषेचा वर्ग घेणाऱ्या माणसाला सुटत जाणं म्हणजे काय ते रविवारी-रविवारी दिसतं. पण जेवण टिकवायची जागा चुकली आहे. ज्या बारा मिनिटांत आपण त्याच्याजवळ नसतो, घाई असते, गार असतं, तिथे आपण अळूचं फदफदं टिकवायला निघालो आहोत. आणि दुपारी साडेतीनला, जेव्हा तोच मुलगा लांडग्यासारखा भुकेला होऊन दार ढकलत आत येतो, तेव्हा घरात काय असतं? चिप्सचं पाकीट आणि फ्रीझरमधले पिझ्झा रोल. मराठीत या वेळेला चांगलं नाव आहे, मधल्या वेळचं खाणं. पोहे, उपमा, सांजा, तिखट शिरा, लावलेले चुरमुरे, भडंग, आंबोळी हे सगळं याच वेळेसाठी आहे. ज्यांच्या घरी त्या वेळी कोणी नसतं, आणि बहुतेकांच्या घरी नसतंच, त्यांनी सकाळचं पाऊण तासाचं कष्ट तिकडे वळवावं. उसळ डब्यात न घालता फ्रिजमध्ये ठेवावी, वर चिठ्ठी लावावी. वाटी भरून गरम करून, बसून, पाय टेबलावर टाकून तो ती खाईल. मोजून दोन वाट्या खाईल. वर्गातल्या मुलांना आवडतं जेवण विचारलं तर कोणीही डब्यातला पदार्थ सांगत नाही. सांगतात ते रात्रीचं वरण-भात, शनिवारची मिसळ, आणि एकाने लिहिलं होतं, 'शाळेतून आल्यावर थंड साबुदाणा खिचडी फ्रिजसमोर उभं राहून.'

रात्रीच्या जेवणाबद्दल मी काही सांगणार नाही, ते ज्याचं त्याने बघावं. एवढंच की दुपारचा डबा संपला का, हा प्रश्न त्या ताटावर नको. त्या प्रश्नाला मुलं आता सफाईने खोटं उत्तर देतात, आणि ते आपणच शिकवलं आहे.

हा लेख वाचून ज्या घरी वाद होईल, त्यांनी वादाआधी एक काम करावं. मुलाची जेवणाची सुट्टी किती वाजता असते, किती मिनिटांची असते आणि तो कुठे बसतो हे त्यालाच विचारावं. मी गेल्या महिन्यात पालकांच्या गटात हे तीन प्रश्न टाकले होते. सुट्टीची वेळ चौघांना माहीत होती. कुठे बसतो ते एकालाही नाही.